अख्खी टर्की घरी तळायची आहे: टोप, तेल आणि भट्टीचं गणित कसं बसवायचं?

नाशिकरोडकर_७

नमस्कार मंडळी. नाताळला अख्खी टर्की तळायचा बेत आहे. पक्षी फ्रोजन मिळणार आहे, साफ केलेला, साडेचार किलोच्या आसपास.

जागा रो-हाउसची. पुढे पार्किंग, त्यावर पत्रा. मागे साधारण २० बाय १५ फुटांचं मातीचं अंगण. वर गच्ची. घरात २० लिटरचा पसरट जर्मनचा टोप, एक मोठी लोखंडी कढई आणि चार बर्नरची शेगडी आहे.

कढई चालेल का? तेल किती लागेल, आणि घाणीचं शेंगदाणा तेल वापरलं तर? घरच्या शेगडीवर जमेल का, की भट्टीच हवी? दही, आलं-लसूण पेस्ट आणि आपला काळा मसाला लावून रात्रभर मुरवायचा विचार आहे. टोपातून भडका उडाल्याचे व्हिडिओ बघून घरचे घाबरलेत, तर नेमकं कशामुळे होतं तेही कुणी सांगा.

---

भट्टीवाले अण्णा

कढई बाद. कढईचं तोंड रुंद, तळ गोल. पक्षी बुडेल इतकं तेल घातलं की काठाशी जागा उरत नाही, आणि फेस आला की तो चहूबाजूंनी थेट जाळावर सांडतो. शेव-भजी तळताना एका वेळी कढईत पाव-अर्धा किलो ओला माल पडतो. इथे साडेचार किलो ओलं मांस एकाच दमात उतरणार आहे, त्यामुळे लग्नातल्या अंदाजाने जाऊ नका. पसरट टोपही नको. उभा, सरळ भिंतीचा, जाड बुडाचा टोप हवा: ३० सेंटीमीटर व्यासाचा आणि निदान ४२ सेंटीमीटर उंच, म्हणजे साधारण ३० लिटरचा. भांडी बाजारात विकत मिळेल, नाहीतर मंडप-केटरिंगवाल्याकडून भाड्याने आणा. भाड्याचा टोप आणलात तर कान आणि रिबिटा हलवून बघा. ढिला कान म्हणजे टोप परत.

तेलाचं माप आधी पाण्याने काढायचं. टर्की पिशवीतच असू दे. पूर्ण वितळली की पिशवीसकट टोपात उभी करा, वरून दोन-तीन सेंटीमीटर बुडेल इतकं पाणी भरा आणि मग ती बाहेर काढा. आता काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. तेलाची पातळी ती. पण गार तेल त्या खुणेपर्यंत भरू नका, दोन सेंटीमीटर कमी भरा. तेल तापलं की फुगतं. २५ अंशांवरून १७५ वर नेलं की जवळजवळ एक दशांशाने वाढतं. १५ लिटरचे साडेसोळा होतात, आणि वर सांगितलेल्या टोपात तेवढ्याने पातळी दोन सेंटीमीटर चढते. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. गार तेल खुणेला बरोबर असतं, तापलेलं नसतं.

तुमच्या पक्ष्याला १४ ते १५ लिटर लागेल, म्हणजे १५ लिटरचा एक डबा. पक्षी बुडाल्यावर वर निदान १० ते १२ सेंटीमीटर मोकळा काठ दिसला पाहिजे. त्याहून कमी उरत असेल तर पक्षी मोठा आहे किंवा टोप लहान आहे. त्यावर तिसरा उपाय नाही.

माप झालं की टोप धुऊन, पुसून, रिकामा मिनिटभर जाळावर धरा. बुडाच्या सांध्यात राहिलेले चार थेंबही तेल तापताना तडतडतात.

घाणीचं तेल फोडणीला ठेवा. न गाळलेल्या, रिफाइंड नसलेल्या शेंगदाणा तेलाचा धूर १६० अंशांच्या आसपासच सुरू होतो आणि तुम्हाला १७५ वर पाऊण तास काढायचाय. रिफाइंड शेंगदाणा, सोयाबीन किंवा राइस ब्रान घ्या. हे सगळे २२५-२३० पर्यंत टिकतात. चवीला शेंगदाणा उजवा, खिशाला सोयाबीन.

घरच्या शेगडीचं म्हणाल तर नको. एकतर तेल, पक्षी आणि टोप मिळून २० किलोंच्या पुढे जातं, तेही ४२ सेंटीमीटर उंच. काचेच्या शेगडीवर हे ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दुसरं, घरच्या मोठ्या बर्नरवर १५ लिटर तेल तापायला तास सहज जातो, आणि पक्षी उतरवल्यावर पडलेलं तापमान तो बर्नर वर आणू शकत नाही. मग टर्की तळली जात नाही, तेलात शिजते आणि तेल पिऊन बसते. बुटकी, तीन-चार पायांची, रुंद बैठकीची भट्टी आणा. उंच तिपाई नको. टोपाचं बूड भट्टीच्या कड्यापेक्षा मोठं असलं आणि कुणाचा धक्का लागला की टोप आडवा.

---

सातपूर_सेफ्टी

अण्णांनी पातळीचं सांगितलंच आहे. भडका कसा उडतो ते मी मांडतो, कारण ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. बरगड्यांच्या आत अर्धी वाटी बर्फ राहिला असेल तर तो तेलाखाली जाऊन वाफ होतो आणि वरचं सगळं तेल फेसासकट बाहेर ढकलतो. ते तेल टोपाच्या भिंतीवरून खाली ओघळतं, खाली भट्टीचा जाळ असतो. तेल स्वतःहून पेट घ्यायला ३५० अंशांच्या वर जावं लागतं, पण सांडताना बारीक तुषार झालेल्या तेलाला उघड्या जाळावर पेटायला क्षणही लागत नाही. तो जाळ वर चढतो आणि टोपातलं तेल पेटतं. व्हिडिओत दिसतं ते हेच.

म्हणून पक्षी उतरवण्याआधी भट्टी बंद करायची. पूर्ण बंद, बारीक नव्हे. पक्षी बसला, फेस खाली आला, बाहेरून टोप आणि भट्टी कोरडी आहे हे पाहिलं, की मगच पुन्हा पेटवायची. खाली जाळच नसेल तर सांडलेल्या तेलाने फार तर जमीन खराब होते. या एका सवयीने जेवढा धोका कमी होतो तेवढा बाकी कुठल्याच गोष्टीने होत नाही.

जागा: पार्किंगचा पत्रा नको. गच्ची तर नकोच. तिथून पळायला एकच जिना, वारा जास्त, आणि पेटतं तेल उतारावरून कुठे जाईल सांगता येत नाही. मागचं अंगण बरोबर. भिंत, कुंपण, दोरीवरचे कपडे, गाडी, सगळं टोपापासून निदान ३ मीटर लांब हवं. १५ फुटांची बाजू अरुंद आहे, म्हणून भट्टी मधोमध ठेवलीत तरी दोन्हीकडे जेमतेम सव्वादोन मीटर उरतं. घराची भिंत एका बाजूला असेल तर भट्टी तिच्यापासून लांब, मोकळ्या कुंपणाकडे सरकवा आणि कुंपणाजवळचा सुका पाला, लाकूड साफ करा. पलीकडे शेजाऱ्याची गाडी किंवा पडवी असेल तर जवळच्या मोकळ्या मैदानाचा विचार करा. माती धुम्मस करून सपाट करा, पण पाणी मारू नका. भट्टी ठेवून पाण्याच्या पातळीच्या बाटलीने, म्हणजे गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने, बघा.

सिलिंडर: घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर भट्टीला जोडू नका. नियमात बसत नाही आणि त्याचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याचाच रेग्युलेटर आणि आयएसआय शिक्क्याची नळी घ्या. सिलिंडर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, टोपापासून दोनेक मीटर लांब, उभा. व्हॉल्व्ह बंद करायला टोपावरून हात न्यावा लागता कामा नये. नळी कुणाच्या पायात येणार नाही अशी टाका. जोडल्यावर साबणाच्या फेसाने गळती तपासा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो, म्हणून भट्टी खोलगट जागी नको.

पाऊस असेल तर बेत रद्द. डिसेंबरातही आपल्याकडे अवकाळी गाठतोच, आणि आडोसा म्हणून वर ताडपत्री बांधणं त्याहून वाईट.

कपडे सुती आणि अंगाबरोबर. नायलॉनचं जॅकेट, ओढणी, लोंबता पदर नको. पायात बंद चामडी बूट. हाताला वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. हातमोजा तेलाने भिजला तर लगेच काढून फेका, तो उष्णता धरून ठेवतो.

पेटलंच तर: गॅस बंद, टोपावर धातूचं झाकण सरकवा, मागे व्हा. झाकण टोपाच्या तोंडापेक्षा मोठं असावं आणि आधीपासून हाताशी असावं. वरून टाकू नका, बाजूने ढालीसारखं धरून सरकवा. नंतर उचलून बघायचं नाही. हवा लागली की गरम तेल परत पेटतं. पाणी अजिबात नाही, ओलं पोतंही नाही. खाद्यतेलाच्या आगीला वेट केमिकलचा, एफ वर्गाचा अग्निशामक सिलिंडर लागतो. घरात असलाच तर तो सहसा एबीसी पावडरचा असतो. त्याने ज्वाळा दबते, पण तेल थंड होत नाही, आणि जवळून मारला तर झोत तेलच उडवतो. वापरायची वेळ आली तर दोन-तीन मीटरवरून. झाकण जवळ नेण्यासारखी स्थिती नसेल तर माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

भाजलं तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा.

---

कोंबडीवाली_गंगापूररोड

मी पक्ष्याचं सांगते. दही-पेस्टचा बेत आधी सोडा. दही म्हणजे पाणी, आणि त्यातली साय-साका तेलात सुटून करपते. आलं-लसणाचे कणही तसेच. काळ्या मसाल्याचं तर विचारूच नका. तो मुळातच खमंग भाजलेला असतो, १७५ च्या तेलात अर्ध्या तासात कोळसा होतो, सगळं तेल कडू करतो आणि फेस वाढवतो. साखर, गूळ, मध असलेलं काहीही बाहेरून लावायचं नाही.

मग चव कशी आणायची? साडेचार किलोला ६५ ते ७० ग्रॅम मीठ, दोन चमचे मिरपूड. हे कोरडंच चोळायचं, कातडीखाली बोट घालून छातीवरही. काळा मसाला हवाच असेल तर दोन चमचे मसाला थोड्या तेलात कालवून *कातडीखाली* पसरवा, किंवा तळून निघाल्यावर गरम लोणी-मसाला वरून सोडा. मला दुसरा प्रकार पटतो. मसाल्याचा वास शाबूत राहतो. इंजेक्शनने रस भरणार असाल तर किलोला ६० मिली पुरे, आणि तो फडक्यातून गाळलेला हवा, नाहीतर सुई चोंदते. पोटात सारण भरायचं नाही. तेलाला आतून फिरायला वाट हवी.

वितळवणं हाच खरा वेळखाऊ भाग. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात ठेवून, दर दोन किलोला एक दिवस धरा. तुमच्या पक्ष्याला सव्वादोन ते अडीच दिवस, वर अर्धा दिवस हाताशी. थंडी आहे म्हणून ओट्यावर रात्रभर ठेवू नका. नाशकात पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, पण दुपारी २८ पर्यंत चढतो, आणि बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं तेव्हा आत बर्फच असतो. घाई झालीच तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. किलोला तास लागतो, आणि वितळल्यावर लगेच शिजवायचं.

वितळलं की नाही हे वरून दाबून कळत नाही. पोटात हात घालून बरगड्यांच्या मधून आणि कण्याच्या बाजूने बोट फिरवा. पंखाचा सांधा पूर्ण वाकवून बघा. छातीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसा. कुठेही कडकपणा किंवा बर्फाची कचकच लागली तर थांबा. पोटात आणि मानेच्या पोकळीत काळीज-पेटा-मानेची पिशवी कोंबलेली असते, ती काढा. मांड्या रोवून धरणारा प्लास्टिकचा आकडा आणि टोचलेला टायमर असेल तर तोही.

मग नळाखाली धुवू नका. धुण्याने जंतू सिंकभर उडतात आणि पक्षी पुन्हा ओला होतो. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपा, पोटात रुमाल कोंबून पाच मिनिटं उभी ठेवा, परत टिपा. मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये *उघडीच* ठेवली तर कातडी कागदासारखी कोरडी होते आणि फेस कमी येतो. मानेची लोंबती कातडी कापून टाका, पंखांची टोकं आणि शेपटाचा गठ्ठाही. मांडी जिथे अंगाला जुळते तिथे कातडीला दोन सेंटीमीटरची चीर द्या, म्हणजे काढताना तेल तिथे अडकून राहत नाही.

---

नाशिकरोडकर_७

दही आणि कढई दोन्ही बाद केलं. भट्टी आणि उभा टोप भाड्याने मिळतोय. दोन गोष्टी राहिल्या. पक्षी उतरवायचा कशाने? आणि मिनिटं किती?

---

भट्टीवाले अण्णा

हाताने किंवा झाऱ्यावर धरून उतरवायचा नाही. फॅब्रिकेटरकडून एक स्टँड करून घ्या: भोकं पाडलेली गोल चकती, तिच्या मधोमध उभी सळई, सळईच्या वरच्या टोकाला कडी. स्टेनलेस ३०४ चा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा सळई तेलात नको, त्यावर जस्ताचा थर असतो. चकतीचा व्यास २४ सेंटीमीटर पुरे, टोपात अडकता कामा नये. सळई पक्ष्याच्या आरपार, मान खाली, तंगड्या वर. कडीत एस आकाराचा हूक आणि हुकात पाऊण इंची, दीड-पावणेदोन मीटर लांब पाइप. दोन माणसांनी दोन टोकांना धरायचं, म्हणजे टोपावर कुणाचंच तोंड येत नाही. गार टोपात, तेलाशिवाय, आधी दोनदा करून बघा. हूक सहज सुटतो का तेही तेव्हाच कळतं.

थर्मामीटर दोन हवेत. एक तेलात बुडणारा, टोपाच्या काठाला अडकणारा, २५० अंशांच्या पुढे वाचणारा. दुसरा मांसात खुपसायचा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड फक्त वरचा थर वाचतो, त्यावर विसंबू नका. टोपात तळाला आणि वरती फरक असतो, म्हणून वाचण्याआधी लांब झाऱ्याने एकदा हलवा.

तेल तापायला भट्टीवर अर्धा ते पाऊण तास. या वेळात टोपापाशी एक माणूस सतत हवा. १७५ झालं की भट्टी बंद. पक्षी आधी फक्त तीन-चार सेंटीमीटर बुडवा, दहा सेकंद थांबा, वर घ्या. फेस बसला की पुन्हा थोडा खाली. पूर्ण उतरायला दीड-दोन मिनिटं लागली पाहिजेत. फेस काठापासून पाच सेंटीमीटरवर आला तर खाली नेऊ नका, वर घ्या. बसला की हूक काढा, भट्टी पेटवा. तेल १४०-१५० पर्यंत पडलेलं असेल, ते जाळ वाढवून १६५ ते १७५ मध्ये आणा आणि तिथेच ठेवा. १९० कडे सरकलं की जाळ कमी, धूर दिसला की भट्टी बंद. झाकण ठेवून तळायचं नाही, झाकणाखाली जमलेलं पाणी तेलातच पडतं.

वेळ किलोला ७ ते ८ मिनिटं, म्हणजे तुमच्या पक्ष्याला ३२ ते ३६. पण मिनिटं अंदाजाला, निर्णय थर्मामीटरचा. काढतानाही आधी भट्टी बंद. पक्षी वर उचलून टोपावरच अर्धा मिनिट निथळू द्या आणि मग मोजा: मांडीच्या आतल्या बाजूला हाडाला न टेकवता, छातीच्या जाड भागात, पंखाच्या मुळाशी. तिन्हीकडे ७४ अंश हवेत. एकीकडे कमी भरलं तर परत त्याच पद्धतीने, भट्टी बंद ठेवून, उतरवा. हूक लावलेला असताना पक्षी टोपावरून बाजूला नेताना वाटेत कुणी नको. खाली परात आधीच मांडलेली असू द्या. जाळीवर २० मिनिटं राहू द्या, कागदावर ठेवलीत तर खालची कातडी वाफेने मऊ पडते.

---

तुकडे_बरे

एवढं सगळं वाचून दडपण येत असेल तर मधला रस्ता आहे. मांड्या, तंगड्या, पंख आणि छातीचे दोन भाग वेगळे करा. आठ लिटरच्या आसपास तेल, लहान टोप, एका वेळी दोनच तुकडे, तेल तेच १७५, शेवट तोच ७४. तंगड्या आणि छाती वेगवेगळ्या वेळी शिजतात हा अख्ख्या पक्ष्याचा कायमचा त्रासही मिटतो. टेबलावर अख्खी टर्की दिसणार नाही एवढंच. किंवा सव्वा किलोची अख्खी कोंबडी याच पद्धतीने करून बघा. २० ते २५ मिनिटांत होते, आणि स्टँड, हूक, पातळी सगळ्याची तालीम होते. पाणी पातळीचं माप मात्र कोंबडीलाही पुन्हा काढा, टर्कीची खूण चालणार नाही.

---

नाशिकरोडकर_७

आधी रविवारी कोंबडीच करतो. शेवटचं, त्या १५ लिटर तेलाचं काय करायचं?

---

कोंबडीवाली_गंगापूररोड

त्या दिवशी काहीच नाही. टोप हलवूच नका. एवढं तेल दोन तासांनीही हात भाजण्याइतकं गरम असतं, आणि टोप 'जरा बाजूला' घेतानाही अपघात होतात. भट्टी बंद, सिलिंडर काढून दूर, मुलं आणि कुत्रा घरात, आणि टोप कोमट होईपर्यंत कुणीतरी नजर ठेवायची. गार झालं की रात्रीपुरतं झाकून सकाळी दुहेरी सुती फडक्यातून गाळा. तळाशी राहिलेला काळा गाळ गाळायचा नाही, टाकायचाच. कोंबडीनंतर टर्कीला तेच तेल चालेल, मात्र झाकणाखाली जमलेलं पाणी आधी पुसून घ्या. टर्कीनंतर रंग गडद झाला, चिकट तार येऊ लागली किंवा १७५ च्या आतच धूर दिसला की ते संपलं समजा. एफएसएसएआयने तळणीच्या तेलाला एकूण पोलर कंपाउंडची, म्हणजे तळून तळून तेलात तयार होणाऱ्या खराब घटकांची, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण घरी ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून रंग-धूर-फेस हेच निकष. मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. डब्यात भरा आणि अण्णांसारख्या केटरिंगवाल्यांना विचारा, त्यांच्याकडचं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी उचलणारे असतात.

---

भट्टीवाले अण्णा

उचलतात, पण पाणी मिसळलेलं घेत नाहीत. डबा कोरडा द्या, आणि मूळ तेलाचा डबा फेकू नका, तोच कामी येतो.